काळजीचे काम आणि आपली प्रतिष्ठा

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या निवासी गृहात मी काळजीवाहक म्हणून काम करतो, हे कळल्यावर आपल्यातील वडीलधारी माणसे बहुधा एकच प्रश्न विचारतात : "एवढे शिकून दुसऱ्यांची घाण काढायची?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्यांच्यावर अशी कामे पिढ्यान्‌पिढ्या जन्माने लादली गेली, त्यांच्या मुखातून तो येतो. त्याला गंभीरपणेच उत्तर दिले पाहिजे.

जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले. हीन लेखली गेलेली कामे सोडा, असेही त्यांनी निक्षून सांगितले. म्हणून कोणतेही काम स्वीकारताना आपण काही गोष्टी पारखून घ्याव्यात. ते मी निवडले आहे काय? त्याला शिक्षण लागते काय? त्याचा योग्य मोबदला मिळतो काय? ते सोडण्याची मला मुभा आहे काय?

शिक्षणाच्या कसोटीला हे काम निश्चित उतरते. स्वच्छता हा त्याचा एक भाग. मोठा भाग शिकवण्याचा. सदरा घालणे ही एक कृती दिसते, पण तिचे अनेक टप्पे पडतात. आधी केवळ शेवटचे बटण त्या व्यक्तीने लावायचे. ते जमले की त्याच्या आधीचे. यात महिने जातात. आपणच सदरा चढवून दिला तर वेळ वाचतो, माणूस मात्र परावलंबी राहतो. अपस्माराचा झटका आल्यास त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे आणि झटका पाच मिनिटांच्या पुढे गेल्यास तातडीने रुग्णालय गाठावे, हे ठाऊक असावे लागते. ज्याला बोलता येत नाही, त्याचे दुखणे त्याने ताट सारले त्यावरून ओळखावे लागते. चाळिशीच्या माणसाला 'बाळ' न म्हणता त्याच्या नावाने हाक मारणे, हेही शिकावेच लागते.

चूळपन्थकाची कथा आपणा सर्वांना परिचित आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही, म्हणून सख्ख्या भावाने त्याला विहारातून जायला सांगितले. तथागतांनी त्याच्या हाती शुभ्र वस्त्र दिले. त्यांनी शिष्य बदलला नाही, शिकवण्याची रीत बदलली.

"आमच्या पश्चात याचे काय?" या प्रश्नाने अशा मुलांचे आईवडील झुरत असतात. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये अठरा वर्षांनंतरही कायदेशीर पालक नेमता येतो. मात्र रोज जेवू घालणारे, औषध देणारे हात कायद्याने निर्माण होत नाहीत. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव देणारे शंकरबाबा पापळकर यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. अठरा वर्षांवरील अशा मुलांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा व्हावा, ही त्यांची मागणी आहे. तो आधार एकेका शंकरबाबांच्या खांद्यावर किती काळ ठेवायचा?

मोबदल्याच्या कसोटीला मात्र हे क्षेत्र अनेक ठिकाणी उतरत नाही. 'सेवाभाव' हा सुंदर शब्द तुटपुंज्या पगाराचे आणि न संपणाऱ्या पाळीचे समर्थन म्हणून वापरला जातो. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणले. काळजीवाहकाला तो न्याय का नसावा? थकलेला, अपमानित माणूस दुसऱ्याचा सन्मान फार काळ राखू शकत नाही, आणि त्याची झळ तक्रार करू न शकणाऱ्याला बसते.

माझ्या माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, या क्षेत्रात येणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले शिक्षण घेऊन या. नेमणूकपत्र, किमान वेतन आणि ठरलेले तास मागा. पालकांनीही आपल्या मुलाने हे काम निवडल्यास लाज बाळगू नये. त्याला योग्य वेतन मिळते का, एवढे मात्र अवश्य विचारावे. लादलेले काम नाकारण्याचा हक्क आपण लढून मिळवला. आवडीचे काम ताठ मानेने करण्याचा हक्कही त्याच लढ्याचा भाग आहे.