एम. एस्सी. आधी की वकिली?

इचलकरंजीच्या एका रंग-रसायनांच्या व्यापाऱ्यांचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांची कन्या बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षात आहे, विषय रसायनशास्त्र. तिला पेटंटच्या कायद्यात व्यवसाय करावयाचा आहे. वडिलांचा विरोध नाही, परंतु घरातील ज्येष्ठांचा एक प्रश्न त्यांनी जसाच्या तसा लिहून पाठविला आहे : ‘वकीलच व्हावयाचे, तर मध्ये एम. एस्सी.ची दोन वर्षे कशाला?’ दोन वर्षे ती आणि तीन वर्षे एलएल. बी.ची, अशी पाच वर्षे होतात. तेवढ्या काळात मुलीच्या विवाहाचाही विषय निघणार. प्रश्न रास्त आहे आणि तो उद्या आपल्यापैकी आणखी कोणाच्या घरी उभा राहील, म्हणून उत्तर या सदरातूनच देत आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. पेटंट अधिनियम, 1970 च्या कलम 126 प्रमाणे पेटंट एजंट म्हणून नोंद होण्यासाठी भारतीय नागरिकत्व, वयाची 21 वर्षे आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान यांपैकी एखादी पदवी असावी लागते; शिवाय पेटंट कार्यालयाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला, तो कितीही हुशार असला तरी, हे दार बंद आहे. उलट बी. एस्सी. झालेल्याला ते उघडे आहे; एम. एस्सी.ची अट नाही आणि एलएल. बी.चीही नाही. म्हणजे निव्वळ प्रवेशाचा हिशेब केला तर ज्येष्ठांचे म्हणणे खरे ठरते.

परंतु दारातून आत जाणे निराळे आणि आत बसून काम करणे निराळे. याचा अनुभव आमच्याच आप्तांना आला. माझ्या मेहुण्यांची सांगलीत हळदीची पेढी. हळकुंडांना पॉलिश करताना तुकडे फार पडत. त्यांच्या मिस्त्रीने ड्रम ठरावीक वेळाने उलट दिशेने फिरविण्याची युक्ती काढली आणि तूट बरीच कमी झाली. पेटंट घ्यावयाचे ठरले. ज्या एजंटांकडे काम दिले त्यांची पदवी विज्ञानाचीच, पण विषय वनस्पतिशास्त्र. त्यांनी यंत्र पाहिलेच नाही. आराखडा आणि छायाचित्रे मागविली आणि अर्ज लिहिला. पेटंट मिळाले, घरात पेढे वाटले गेले. दोन हंगामांनी शेजारच्या एका कारखान्याने तसाच ड्रम बाजारात आणला. तेव्हा कागद काढून पाहिला, तर पहिल्या दाव्यात ‘आतील बाजूस तीन लोखंडी पाती’ असलेला ड्रम लिहिलेला. पाती मुळात गौण होती; प्रतिस्पर्ध्याने ती काढूनच टाकली होती. खरी युक्ती दिशा बदलण्याची, आणि ती पात्यांच्या बंधनात अडकून पडली. मेहुण्यांनी दाव्याच्या खर्चाचा अंदाज घेतला आणि प्रकरण सोडून दिले. ते प्रमाणपत्र अजून पेढीच्या भिंतीवर आहे.

पेटंटच्या अर्जात सर्वांत मोलाचा भाग म्हणजे हे दावे. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा असते, तसे त्यांचे काम. एक शब्द जास्त पडला तर सीमा आत सरकते. एक शब्द कमी पडला तर जुन्या ज्ञानावर अतिक्रमण होऊन अर्जच फेटाळला जातो. कोणता शब्द ठेवावा हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. वस्तू कशामुळे चालते हे ज्याला उमगले, त्यालाच ते कळते.

आता एम. एस्सी.कडे वळू. ती सर्वांनाच हवी का? नाही. आणि याबाबत सरकारनेच एक रेषा आखून दिलेली आहे. पेटंट कार्यालयात अर्ज तपासणाऱ्या परीक्षकांची भरती होते, तेव्हा यांत्रिकी, विद्युत यांसारख्या अभियांत्रिकी विषयांसाठी पदवी पुरेशी मानतात. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांसाठी मात्र पदव्युत्तर पदवी मागतात. अमेरिकेतही प्रघात असाच आहे : औषधे आणि जैवतंत्रज्ञानाच्या कामासाठी पेटंट पेढ्या पीएच. डी. झालेले लोक शोधतात, विद्युत किंवा संगणक अभियंत्याला पदवीवर घेतात. कारण उघड आहे. यंत्र उघडून पाहता येते. रेणू तसा पाहता येत नाही.

वाचकांना ग्लिवेकचे प्रकरण आठवत असेल. रक्ताच्या कर्करोगावरील या औषधाच्या पेटंटसाठी नोव्हार्टिस कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 1 एप्रिल 2013 रोजी हरली. वाद होता तो एकाच संयुगाच्या ‘बीटा’ स्फटिकरूपाचा. हे रूप शरीरात सुमारे 30 टक्के अधिक शोषले जाते, असा कंपनीचा मुद्दा. न्यायालयाने म्हटले, शोषण वाढले एवढ्यावरून रोग बरा करण्याची शक्ती वाढली असे कलम 3(ड) च्या दृष्टीने सिद्ध होत नाही. हा युक्तिवाद उभा करणाऱ्याला किंवा खोडणाऱ्याला स्फटिकरूप म्हणजे काय हे दुसऱ्याला विचारत बसण्याची सोय नसते. बी. एस्सी.त या गोष्टींची तोंडओळख होते, एम. एस्सी.त हात भाजतात, प्रयोग फसतात, आणि दुसऱ्याच्या कागदावरील आकडा संशयाने पाहण्याची सवय लागते. माझ्या मते त्या दोन वर्षांची खरी कमाई ती. नावापुढे लावण्यापुरती एम. एस्सी. करणार असाल, प्रयोगशाळेत पाय न ठेवता, तर ज्येष्ठांचेच ऐका.

एलएल. बी.चे काय? पेटंट एजंट नियंत्रकापुढे अर्ज दाखल करू शकतो, सुनावणीत बाजू मांडू शकतो. पण उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयात किंवा त्याहून वरच्या न्यायालयात चालतो, आणि 2021 मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बंद झाल्यापासून नियंत्रकाच्या निर्णयावरील अपिलेही उच्च न्यायालयांत जातात. तेथे वकिलाचा काळा कोटच लागतो. तेव्हा कायद्याची पदवी घ्यावीच, पण ती पाठोपाठ घेण्याची घाई नको. मध्ये एक-दोन वर्षे एखाद्या अनुभवी एजंटाकडे दावे लिहिण्याची उमेदवारी करावी. आपल्या मुलांना आपण गादीवर बसविण्याआधी गोदामात पाठवितो, तसेच. एजंटची परीक्षा मात्र जाहीर होईल तेव्हा सोडू नये. ती दरवर्षी होतेच असे नाही. 2018 नंतर पुढची परीक्षा 2023 मध्ये झाली.

पत्रलेखकांना उत्तर धाडण्यापूर्वी मी त्यांच्या कन्येला एक काम सांगितले. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेले अर्ज विनामूल्य वाचता येतात. त्यांतील कापडाच्या रंगाचा कोणताही एक घे आणि पहिला दावा तुझ्या शब्दांत मला लिहून पाठव, एवढेच. पंधरा दिवसांनी दीड पान आले. शेवटी तिने विचारले होते : ‘काका, दाव्यात तापमान 40 ते 90 अंश लिहिले आहे, पण दिलेले सर्व प्रयोग 60 अंशांवरच केलेले आहेत. मग बाकीच्या तापमानावर यांचा हक्क कसा?’

परीक्षक नेमका हाच आक्षेप घेतो. मी तिच्या वडिलांना दूरध्वनी करून एम. एस्सी.च्या प्रवेशाची शेवटची तारीख विचारली.