आधी वारा बघा
परवा भाचा ट्रेकसाठी गॅसचा स्टोव्ह घ्यायला निघाला. म्हटलं, बाबा रे, आधी वाऱ्याचा विचार कर. डब्यातला गॅस म्हणजे नुसतं ब्युटेन असेल, तर ते शून्य अंशाच्या आसपास मान टाकतं, पण सह्याद्रीत तेवढी थंडी क्वचितच. वाऱ्याचं तसं नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तो खालून वर उसळतो आणि ज्योत पातेल्याखालून पळवून नेतो. चहाचं आधण तसंच कोमट. म्हणून बुटका, रुंद पायांचा, नळीने डबा लांब ठेवणारा स्टोव्हच घ्यावा. त्याला आडोसा करता येतो; डब्यावर बसणाऱ्या स्टोव्हला चहूबाजूंनी आडोसा केला, तर डबाच तापतो आणि जिवावर बेततं. ओझं थोडं वाढेल, वाढू दे. तंबूत मात्र कुठलाच पेटवू नये; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि रिकामा डबा गडावर टाकून आलास, तर तुझ्या हातचा चहा मी घेणार नाही.