दुसऱ्या वेळी तरी उघडपणे

नाटकाच्या ग्रुपमध्ये हे घडत आलंय. एकांकिका स्पर्धांच्या दिवसांत दोन मुलगे एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि चारचौघांत जिगरी दोस्त म्हणून वावरतात. मग एकाच्या घरी स्थळं बघायला सुरुवात होते, दुसरा मालिकांच्या कामासाठी मुंबई गाठतो, आणि बोलणंच बंद पडतं. पुढे कधीतरी एखाद्या व्यावसायिक नाटकाच्या तालमीत दोघं समोरासमोर येतात, आणि संपलं असं वाटलेलं काहीच संपलेलं नसतं. अशा दोघांना, आणि त्यांच्या भोवतीच्या आपल्या सगळ्यांना, चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी त्या दोघांना. पहिल्या वेळी का तुटलं, ते एकदा स्पष्ट बोलून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापर्यंत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची टांगती तलवार होती, तेव्हा तुमची भीती खोटी नव्हती. ती भीती गेली. घरच्यांची आणि कामं हातची जाण्याची उरली असेल. तिच्यावर काही न ठरवता पुन्हा जवळ आलात, तर पुन्हा तिथेच अडखळाल.

मध्यंतरी एकाचं लग्न झालं असेल, तर बायकोला आधी सांगा. तिला अंधारात ठेवून दौऱ्यावरच्या लॉजमध्ये हे नातं चालवू नका. नव्याने आयुष्य मांडायचा हक्क तिलाही आहे.

एक दिग्दर्शक आणि दुसरा नट असेल, तर नटाची भूमिका आणि नाइट, म्हणजे प्रयोगामागे मिळणारं मानधन, तिसऱ्या कुणाला ठरवू द्या. काम जाईल या धास्तीने दिलेला होकार खरा नसतो.

आणि कागदपत्रं करा. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळे जोडीदार म्हणून वारसाहक्क आपोआप मिळत नाही. मात्र बँकेत संयुक्त खातं उघडता येतं, जोडीदाराला नॉमिनी करता येतं. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये तसं स्पष्ट केलंय. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करा. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. नाइटवर जगणाऱ्या नटाला ना पगार, ना पेन्शन. त्याने तर हे लांबणीवर टाकूच नये.

आता घरच्यांना. मुलाला ‘सुधारायला’ डॉक्टरकडे नेऊ नका. असे उपचार करणं म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच ठरवलंय. आणि ‘एकदा लग्न लावून दिलं की येईल ताळ्यावर’ हा उपाय करून एका परक्या मुलीचं आयुष्य पणाला लावू नका.

शेवटी आपण नाटकवाले आणि प्रेक्षक. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका आपण अभिमानाने मिरवतो, आणि विनोदी प्रयोगात ‘बायल्या’ पात्र आलं की खो-खो हसतो. ते हसू विंगेत उभ्या असलेल्यालाही ऐकू जातं. ‘साबर बोंडं’ या मराठी सिनेमात वडिलांच्या दुखवट्यासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या पुन्हा जवळ येतात. २०२५ मध्ये सन्डान्स महोत्सवात त्याला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, तेव्हा आपल्याला कोण आनंद झाला. आपल्याच दौऱ्याच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या दोघांबद्दल मात्र मागच्या सीटवर कुजबुज चालते. ती थांबवा. त्यांनी स्वतः सांगितलं नसेल, तर त्यांची गोष्ट तुम्ही कुणाला सांगू नका. सांगितली असेल, तर तिचा किस्सा करू नका.

व्यवस्थापकांनो, पुढच्या दौऱ्याच्या खोल्यांची यादी करताना बाकीच्यांना विचारता तसंच त्या दोघांनाही विचारा, एक खोली हवी की दोन. जे उत्तर येईल ते लिहून घ्या, आणि यादीतल्या पुढच्या नावाकडे वळा.