कांद्याची पात आणि चौघं जण

कव्हरवर कांद्याची पात! अल्बमचं नावही तेच, ‘ग्रीन ओनियन्स’. बुकर टी. अँड द एमजीज हा बँड, शब्द एकही नाही. आणि तरी मी म्हणेन, सोल म्युझिकची ओळख करून घ्यायची तर इथूनच.

साल १९६२, शहर अमेरिकेतलं मेम्फिस. एका जुन्या थिएटरात स्टॅक्स रेकॉर्ड्सचा स्टुडिओ. तिथले हे वादक गायकांना साथ करणारे. हाताशी मोकळा वेळ होता, म्हणून टाइमपास करत एक ब्लूज वाजवला, तो रेकॉर्ड झाला. आता रेकॉर्डच्या मागच्या बाजूला काय? तर सतरा वर्षांच्या बुकर टी. जोन्सने ऑर्गनवर एक धून काढली. ही मागची बाजूच सुपरहिट झाली, पॉप चार्टवर थेट तिसरी! मग तिच्याच नावाने अल्बम आला.

यातली जादू कशात आहे माहितेय? न वाजवण्यात. अल जॅक्सनचे ड्रम्स एका लयीत चाललेले, स्टीव्ह क्रॉपरची गिटार येते, एक चिमटा काढते आणि गप्प बसते. आपल्या मीटिंगमध्ये प्रत्येकाला बोलायचंच असतं. इथे चौघंही एकमेकांचं ऐकतायत.

आणि हे सोपं नव्हतं. क्रॉपर गोरा, बाकी तिघे कृष्णवर्णीय. वर्णभेदाने दुभंगलेल्या त्या शहरात असा बँड असणं हीच मोठी गोष्ट. १९६५ साली डक डन बासवर आला आणि हिशेब दोन-दोन झाला. ४ एप्रिल १९६८ला याच मेम्फिसमधल्या लोरेन मोटेलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्याच मोटेलमध्ये क्रॉपर कृष्णवर्णीय गायकांबरोबर गाणी रचायचा. शहर पेटलं, पण बँड फुटला नाही. त्याच वर्षी त्यांची ‘सोल लिंबो’ आली. क्रिकेटवेड्यांनो, बीबीसीच्या क्रिकेट प्रक्षेपणाची ती फेमस ट्यून हीच बरं का!

तेव्हा आज घरी जाताना हेडफोन्स लावा. पहिल्यांदा फक्त ड्रम्स ऐका. दुसऱ्यांदा गिटार. तिसऱ्यांदा, मधल्या रिकाम्या जागा.