फोन वर्गात हवा, पण बघायला नको

मी एका शिकवणाऱ्या ॲपच्या कंपनीत कोड लिहिते. माझ्याकडे नोटिफिकेशनचं काम आहे. रात्री आठला सातवीतल्या कुणाच्या तरी फोनवर 'तुझी १२ दिवसांची स्ट्रीक तुटणार!' असं झळकतं ना, ती माझी करणी. त्या पोराला अपूर्णांक आले का, हे आमच्या डॅशबोर्डवर कुठंच दिसत नाही. त्यानं ॲप उघडलं का, एवढंच दिसतं. त्यामुळे वर्गात मोबाइल असावा की नसावा यावर वाद पेटला की मला दोन्ही बाजूंचा राग येतो.

एक बाजू बंदीवाल्यांची. फॅमिली ग्रुपवर त्यांचं लाडकं वाक्य असतं, 'फ्रान्सनेसुद्धा बंदी घातली!' घातली, २०१८ साली. पण शिकवण्यासाठी फोन वापरायचा असेल तर शाळेनं आपल्या नियमांत तशी मुभा द्यावी, ही सोय त्याच कायद्यात आहे. फॉरवर्ड होताना तेवढंच नेमकं गळतं.

दुसरी बाजू 'डिजिटल वर्ग'वाल्यांची, म्हणजे माझ्याच धंद्यातल्या लोकांची. यांच्या लेखी फोन म्हणजे छोटा टीव्ही. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, तेव्हा त्यांच्यासमोर कन्नड बोलणारी मुलं होती, आणि पुस्तक त्या मुलांपर्यंत पोचवायचं होतं. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. बाकीच्यांनी त्यातून उचललं काय, तर कोड! स्कॅन करा, व्हिडिओ बघा, पुढचा धडा. फळ्याकडे बघत बसणारं पोर आता स्क्रीनकडे बघत बसतं. फळा निदान मधेच जाहिरात तरी दाखवत नव्हता.

आता फोनच्या पोटात काय काय आहे ते बघा. वेग किती बदलला हे टिपणारा सेन्सर, चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर, मायक्रोफोन आणि सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं घड्याळ. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत यातलं निम्मंही नव्हतं, आणि होतं ते काचेच्या कपाटात, कुलपात. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं 'फायफॉक्स' नावाचं एक मोफत ॲप केलंय. त्यातून हे सगळे सेन्सर वापरता येतात, आणि एकदा उतरवून घेतलं की प्रयोगाला नेट लागत नाही.

माझी मावशी जिल्हा परिषद शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. फेब्रुवारीत तिच्याकडे गेले तेव्हा आम्ही व्हरांड्यात दहा मीटर अंतरावर दोन फोन ठेवले आणि दोन्हींवर आवाजानं चालणारं स्टॉपवॉच लावलं. पहिल्या फोनपाशी टाळी वाजवली की त्याचं घड्याळ लगेच सुरू होतं आणि दुसऱ्याचं आवाज तिथं पोचल्यावर. मग दुसऱ्या फोनपाशी टाळी. ते घड्याळ लगेच थांबतं, पहिलं उशिरा. दोन्ही घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला वीस मीटर जायला लागलेला वेळ. मधे कुणी खोकलं तरी घड्याळ चालू होतं, त्यामुळे तीस पोरं श्वास रोखून उभी. (इतकी शांतता मावशीनं नोकरीत पहिल्यांदा ऐकली म्हणे.)

फरक आला ०.०५५ सेकंद. फळ्यावर भागाकार केला, तर सेकंदाला ३६४ मीटर. पुस्तकात ३४०च्या आसपास. 'मॅडम, मोबाइल चुकला!' मावशी गप्प. मग एका मुलीनं टेप पुन्हा लावली. ऊन लागतंय म्हणून कुणीतरी एक फोन हातभर आत, सावलीत सरकवला होता. फोन जागेवर आला, पुन्हा टाळ्या झाल्या. आता ०.०५७, म्हणजे ३५१. तरी ३४० का नाही? तिथून गरम हवेत आवाज जास्त वेगानं जातो, इथवर पोरं तासाभरात आपल्या पायांनी पोचली.

हे आमच्या कंपनीला विकता येणार नाही. तास संपला की फोन कपाटात जातो. त्यात स्ट्रीक कुठून लावणार?

टेप लावणाऱ्या त्या मुलीकडे स्वतःचा फोन नाही. २०२३च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना फोनबद्दल विचारलं होतं. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. आमच्या घरी पहिला स्मार्टफोन दादाला आला, मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाल्यावर. बंदीवाल्यांनी हे एकदा नीट बघावं. शाळेतून फोन हद्दपार केला तर दादाचा फोन दादाकडे राहतोच, जातो तो तिचा तास.

मुलांनी आपापले फोन वर्गात आणावेत असं मी मुळीच म्हणत नाही. २०२४च्या 'असर'मध्ये १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काही करणारे ५७ टक्के निघाले आणि सोशल मीडिया वापरणारे ७६ टक्के. तिथं जिंकतो कोण, ते मला पगारासकट माहीत आहे. फोन शाळेचे हवेत, सिम नसलेले, पाच-सहा जणांत एक. फुटतील? परीक्षानळ्याही फुटतात. आणि ते मावशीच्या फोनवर लादू नका. तो आधीच सरकारी माहिती भरून भरून रडकुंडीला आलाय.

माझा जुना, काच तडकलेला फोन सध्या तिच्या कपाटात आहे. बॅटरी दीड तास टिकते. पुढच्या आठवड्यात लंबक करायचाय. फोन ओढणीत बांधून लटकवला तर चालेल का, असा काल तिचा मेसेज आला.