गोळीचा क्यूआर कोड 'ओरिजिनल' म्हणतो, पण ती तुम्ही घ्यायची का?

गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याहून मावसभावाचा व्हॉट्सॲप आला. गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो, खाली एक ओळ : "दादा, कोड स्कॅन केला, ओरिजिनल आहे. घेऊ ना?" याला सर्दी-ताप. गोळ्या अझिथ्रोमायसिनच्या, मागच्या आजारपणातल्या उरलेल्या तीन.

१ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० मोठ्या औषध ब्रँडवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे. स्कॅन केलं की औषधाचं नाव, कंपनी, बॅच नंबर, एक्स्पायरी दिसते. नकली माल ओळखायला हे भारीच. पण तुमचा ताप व्हायरसचा की बॅक्टेरियाचा, हे कोडला कुठून कळणार? सर्दी बहुतेक वेळा व्हायरसची असते आणि अँटिबायोटिक व्हायरसचं काहीच बिघडवत नाही.

बिघडतं ते दुसरीकडे. पोटातले साधे बॅक्टेरिया मरतात, औषधाला दाद न देणारे टिकतात, वाढतात. वर ते आपले जीन शेजारच्या बॅक्टेरियाला देतात, ब्लूटूथवरून फाइल पाठवावी तसे. 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासानुसार २०१९ मध्ये अशा चिवट जंतूंमुळे जगात थेट १२.७ लाख माणसं गेली. एखाद्या बाळंतिणीला किंवा ॲक्सिडेंटच्या पेशंटला इन्फेक्शन झालं आणि औषधच लागू पडलं नाही, तर डॉक्टर तरी काय करणार?

नवीन औषध काढू, असं म्हणणं सोपं आहे. आपल्याच जिल्ह्यात पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, देशात पेनिसिलीन बनायला लागलं. आणि २०२४ मध्ये आलेल्या नॅफिथ्रोमायसिन या भारतीय औषधामागे चौदा वर्षांचं काम आहे. बॅक्टेरियाची नवी पिढी अर्ध्या तासात तयार होऊ शकते. हिशोब तुम्हीच करा.

सरकारने १८ नोव्हेंबर २०२५ ला यावर दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. नियम तर आधीपासून आहेत. पाकिटावरची उभी लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नका. सेफिक्झिमसारखी औषधं २०१४ पासून 'शेड्यूल एच-वन'मध्ये आहेत, दुकानदाराने डॉक्टर आणि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. मला मात्र एका दुकानात नाव न विचारताच ती मिळाली होती. केरळने २०२४ मध्ये 'ऑपरेशन अमृत' काढून अशा दुकानांवर छापे घातले. माझ्या मते आपल्याकडेही आधी तेच हवं, ॲप नंतर.

भाऊ दवाखान्यात गेला, पॅरासिटामॉलवर तीन दिवसांत बरा झाला. मग पुन्हा मेसेज : "या तीन गोळ्यांचं काय करू? गुंजवणीत टाकू?" नदीत तर नकोच, पाण्यातल्या बॅक्टेरियालाही तीच तालीम मिळते. भोरमध्ये दोन केमिस्टना विचारलं, परत घेता का? दोघंही नाही म्हणाले. गोळ्या अजून त्याच्या कपाटात आहेत, पाकिटावर मार्करने 'घेऊ नये' लिहून.