काखेत कळसा, गावाला वळसा

आमच्या शेजारची एम.बी.ए.ची विद्यार्थिनी परवा प्रकल्पासाठी संदर्भ जमवत होती. विषय सोलापूरच्या कापड गिरण्यांचा, आणि वहीत नावं मात्र सगळी अमेरिकन प्राध्यापकांची! तिचे पणजोबा जुन्या मिलमध्ये कामगार होते. मला हसू आलं, मग वाईटही वाटलं.

पुण्याच्या गोखले संस्थेने इथल्या विणकर समाजांची पाहणी १९४७ साली प्रसिद्ध केली. धनंजयराव गाडगीळांचा सोलापूर शहराचा अभ्यास १९६५ साली आला. १८७७ मध्ये स्थापन झालेली जुनी मिल १९४९ साली बंद पडली. सरकारने १९५० मध्ये वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, तेव्हा एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच वर्षीचं ते निकालपत्र व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने वाचायलाच हवं. पण कायद्याच्या कपाटाकडे तो फिरकेल तर ना!

आता 'शोधगंगा'वर देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध घरबसल्या फुकट वाचता येतात. प्रबंधाची शेवटची पानं आधी उघडावीत. तिथली संदर्भसूची पुढची वाट दाखवते.

परदेशी सिद्धान्त जरूर वाचावेत. गज बाहेरचा चालेल. मोजायचं कापड सोलापूरचं असेल, तर ते आधी हातात घेऊन पाहायला नको का?